त्रैक्याचा राखणदार

भिंगारदिवे सर वारल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. स्मरणिका काढतोय, सरांवर चार चांगले शब्द लिहून द्या, तुम्ही त्यांच्या शेजारी राहत होतात. मी मन लावून बसले. 'सर उपासनेला नेहमी वेळेवर येत' एवढं एकच वाक्य निघालं, आणि नीट पाहिलं तर तीसुद्धा तक्रारच होती. कारण वेळेवर येऊन ते पहिल्या बाकावर बसत आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वळवून बघत. शेवटी स्मरणिकेत नुसता त्यांचा फोटो छापला. एका इमारतीच्या जिन्यात बसलेले, मांडीवर स्टीलचा डबा, चेहरा नेहमीसारखा नाराज. असला फोटो का निवडला म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. तेव्हा जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

भिवंडीत आम्ही मराठी ख्रिस्ती मूठभर. बहुतेक घरं नगरकडून नोकरीपायी आलेली. निजामपुऱ्याच्या कडेला आमची छोटी उपासनेची खोली, आणि भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. पाळक म्हणत, आता शांतपणे प्रार्थना करू या, तेव्हा फक्त आमची तोंडं शांत होत. लूम खडखडतच राही. मी तिथे पेटी वाजवते. सर मंडळीचे वडील, म्हणजे कमिटीवरचे ज्येष्ठ. हयात हायस्कुलात गणित शिकवण्यात गेली. आठवडाभर बेरीज चुकली म्हणून पोरांचे कान पिळायचे आणि रविवारी तीन म्हणजे एक असं ठणकावून सांगायचं, यात त्यांना स्वतःला काही विनोदी वाटत नसे. त्यांना कशातच काही विनोदी वाटत नसे.

हे तीन म्हणजे एक काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही देव एकच मानतो, आणि त्या एकाच देवाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत ओळखतो. तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाने पाळीपाळीने चढवलेले तीन मुखवटेही नव्हेत. याला त्रैक्य म्हणतात. आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा होतो तो या तीन नावांनी, लग्न लागतं ते याच नावांनी, आणि माणूस मातीत ठेवतात तोही याच नावांनी. हे सगळं आपल्याला पुरतं उमगलंय असं कोणी शहाणा म्हणत नाही. सरही म्हणत नसत. पण दुसऱ्या कोणाला उमगलेलं नाही, हे मात्र त्यांना पुरतं उमगलं होतं.

संडे स्कूलमध्ये ते मुलांना उभं करीत आणि विचारीत, "सांग, त्रैक्य कशासारखं?" बिचारी पोरं डोकं खाजवत. एक म्हणायचा, पाणी, बर्फ आणि वाफ. "पाखंड. बस खाली." दुसरी म्हणायची, सूर्य, उजेड आणि ऊब. "पाखंड. बस." एकदा एका हुशार मुलाने सरांचंच गणित सरांवर टाकलं. म्हणाला, एक गुणिले एक गुणिले एक, उत्तर एकच. वर्गातली सगळी पोरं खूश झाली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "देव काय गुणाकार आहे? पाखंड." मग कशासारखं, असं मुलांनी विचारलं की म्हणत, "कशासारखंच नाही." म्हणजे ज्या प्रश्नाला उत्तर नाही तोच विचारायचा, आणि उत्तर दिलं म्हणून खाली बसवायचं. मुलांनी त्यांचं नाव पाखंड सर पाडलं होतं. तेही त्यांना माहीत होतं आणि मला वाटतं आवडतही होतं.

मोबाइल आल्यावर हे लोण घराघरांत गेलं. मंडळीच्या ग्रुपवर कोणी भोळ्या बाईने सकाळी तीन मेणबत्त्या आणि एक ज्योत असं चित्र टाकलं, खाली शुभ सकाळ. दोन मिनिटांत सरांचं उत्तर: 'पाखंड. काढून टाका.' त्या बाईचा नवरा आयसीयूत होता आणि ती सगळ्यांकडे प्रार्थना मागत होती. चित्र काढलं गेलं. सरांनी नवऱ्याची चौकशी केली नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी ते पाळकांच्या अगदी शेजारी उभे राहत, हात मागे बांधून, परीक्षेला सुपरवायझर उभा राहतो तसे. एकदा एका बाळाचा बाप्तिस्मा चालला होता. पाळक नवे, तरुण, त्यात सर्दीने बेजार. 'पित्याच्या, पुत्राच्या' एवढं म्हणून त्यांना सटकन शिंक आली. नाक पुसून त्यांनी 'आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' असं पुरं केलं. बाळाची आजी हात पुढे करून बाळ घ्यायला आली, तर सर म्हणाले, "थांबा. मध्येच तुटलं. पुन्हा घ्या."

पाळक गोंधळले. "सर, बाप्तिस्मा दोनदा देत नसतात."

"पहिला झालाच नाही."

"लेकरू गारठलंय हो," आजी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कमिटीत त्यांचा शब्द चालायचा आणि पाळकांना तिथे अजून दिवस काढायचे होते. बाळाच्या डोक्यावर पुन्हा पाणी पडलं, बाळाने टाहो फोडला, आणि सरांनी समाधानाने मान हलवली. सगळी मंडळी खाली मान घालून बसली होती. माझीही मान खालीच होती, पण प्रार्थनेत नव्हे.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर रफिक राहतो. लूमच्या मोटारी दुरुस्त करतो, वायरिंगही करतो. सरांकडे मीटरचं काम करायला आला आणि अडकला. स्क्रू सोडवता सोडवता बिचाऱ्याने सौजन्याने विचारलं असेल की मास्टरजी, आप लोगों का ये तीन वाला मामला क्या है. सरांनी त्याला शिडीवर उभं ठेवून तासभर सांगितलं. मी दार उघडं ठेवून ऐकत होते, कारण माझ्याही घरचे दिवे गेले होते. शेवटी रफिक कंटाळून म्हणाला, "समझ गया. तीन फेज, मोटर एक."

"पाखंड," सर म्हणाले.

"तो फिर आप ही बोलो, कैसा?"

"सांगता येत नाही. मानायचं असतं."

"तो इतना टाइम क्या बता रहे थे, मास्टरजी?" रफिक खाली उतरला. जाताना माझ्याकडे बघून हसला. "वैसे एक फेज चला जाए तो मोटर एकदम बंद नहीं होती. घूँ घूँ करके चलती रहती है. फिर जलती है. इनको वो भी बताना था, पर डर लगा."

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर मीही सरांसारखीच होईन. त्यांच्या तोंडून मी एक वाक्य असं ऐकलं की ते माझ्याजवळ राहिलं. नाताळाआधी एकदा पाळक गावाला गेले होते आणि संदेश द्यायला सर उभे राहिले. बरंचसं नेहमीचंच, कोण कुठे चुकला त्याची यादी. आणि मध्येच कागदावरून मान वर करून म्हणाले, "देव कधीही एकटा नव्हता. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही त्याच्यापाशी माया करायला कोणी होतं. म्हणून तो प्रेम आहे असं आपण म्हणू शकतो. एकटा असता तर नुसता बलवान असता." मी पेटीवरचे हात मांडीत घेतले. माझं आईवडिलांवाचूनचं घर, रिकाम्या खोल्या, सगळं एकदम समोर आलं आणि मला रडू आलं. देवाच्याही घरात एकटेपण नाही, मग मलाही कोणी एकटं सोडणार नाही, असं काहीसं वाटलं. लगेच सरांनी कागदात मान घातली आणि पुढचं पाखंड काढलं. इतकं चांगलं वाक्य इतक्या कोरड्या माणसाच्या हाती का दिलं असेल, याचा मला अजून राग येतो.

कारण याच माणसाने स्वतःच्या मुलाला घराबाहेर ठेवलं होतं.

प्रकाश त्यांचा एकुलता एक. ठाण्याच्या रस्त्यावर पूर्ण्याला गोदामात सुपरवायझर. कशेळीच्या आगरी घरातल्या सीमावर त्याचं मन बसलं. सीमा आधीच ख्रिस्ती झालेली. खाडीकडे एक लहानशी प्रार्थना मंडळी आहे, तिथल्या लोकांनी तिला खाडीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला होता. पण ते लोक त्रैक्य मानत नाहीत. बाप्तिस्मा नुसत्या येशूच्या नावाने देतात. सर म्हणाले, हा बाप्तिस्मा नव्हे, ही आंघोळ. पुन्हा घ्यायला सांग. सीमा म्हणाली, "मी काय खोटं बोललू का पान्यात उभी ऱ्हाऊन? पुन्ना कशाला?" तिची जिद्द, सरांची जिद्द. पाळक मधला मार्ग काढायला निघाले, तर सरांनी त्यांना बसवलं. शेवटी प्रकाश वैतागला आणि एका रविवारी तोच खाडीत उतरला आणि त्या लोकांच्या हातून नुसत्या येशूच्या नावाने बाप्तिस्मा घेऊन आला. बापाने लहानपणी देववलेला बाप्तिस्मा पोराने धुऊन टाकला, असा सरांनी त्याचा अर्थ लावला. खरं सांगायचं तर प्रकाशनेही तो तसाच लागावा म्हणून ते केलं होतं. बापाचाच मुलगा.

त्या दिवसापासून सर प्रकाशशी बोलले नाहीत. लग्नाला गेले नाहीत, घर बघितलं नाही. आणि दर रविवारी पहिल्या बाकावर उभं राहून पिता आणि पुत्र एकतत्त्व आहेत असं मोठ्याने म्हणत राहिले. त्यांचा आवाज खणखणीत होता. मला पेटीचा सूर वर न्यावा लागे.

या दोघांच्या मध्ये एस्तेरकाकू होत्या, सरांची बायको. बुटक्या, घाईत असलेल्या, पदराला नेहमी हळदीचा हात पुसलेला. रविवारची उपासना झाली की घरी येऊन सरांना जेवायला वाढायच्या आणि स्टीलच्या डब्यात बोंबलाचं कालवण नाहीतर वालाचं बिरडं भरून शेअर रिक्षाने कशेळीला प्रकाशच्या घरी निघायच्या. पूर्ण्याच्या वळणावर कंटेनर अडकलेले, उन्हात रिक्षा तासन् तास उभी, पण काकू जायच्याच. प्रकाशला डबा देताना म्हणायच्या, "बाबांनी पाठवलंय." सीमा दुसरा डबा भरून द्यायची. तो घरी आणून सरांना वाढताना म्हणायच्या, "प्रकाशने दिलंय. तुमची तब्येत विचारत होता." दोन्ही साफ खोटं. बाबांनी काही पाठवलेलं नसायचं आणि प्रकाशने काही विचारलेलं नसायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, म्हणून माहीत आहे. परत येताना म्हटलं, "काकू, एवढं खोटं कशाला?"

"शालिनी, दोघंही खातात ना गं?" काकू म्हणाल्या.

सर खायचे. ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. पण तोंडाने म्हणायचे, "मीठ जास्त आहे."

मग काकूंना दुखणं लागलं. पोटातलं, लवकर न कळणारं. शेवटचे दिवस त्या दवाखान्यातच होत्या. सर सकाळी येत, प्रकाश ड्युटी आटोपून संध्याकाळी. एकमेकांच्या वेळा दोघांना बरोबर पाठ. काकू दोघांना सांगून थकल्या की एकदा एकाच वेळी या. मला म्हणाल्या, "मला आता रिक्षाने जाववत नाही गं. आता यांचं कसं?" बस, एवढंच मागणं होतं बाईचं, दोघांना एका वेळी पलंगाशी बघायचं. मी सरांना जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, "त्याने आधी चूक मान्य करावी." मला वाटलं, या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी फळा बसवलाय. काकू एका दुपारी गेल्या. सकाळचा एक येऊन गेला होता, संध्याकाळचा दुसरा अजून यायचा होता.

पुरताना सर थडग्याच्या एका बाजूला, प्रकाश आणि सीमा दुसऱ्या बाजूला. प्रकाशने आईसाठी प्रार्थना करायची परवानगी मागितली होती. ती सरांनी पाळकांमार्फत नाकारली, कारण तो शेवटी तीन नावं घेणार नाही. शेवटचा आशीर्वादही त्यांनी पाळकांवर सोडला नाही. स्वतः पुढे झाले. खणखणीत आवाजात म्हणाले, "पित्याच्या, पुत्राच्या..." आणि थांबले.

आम्ही वाट बघितली. मला वाटलं खोकला आला असेल. पण खोकला नव्हता. त्यांचा जबडा हलत होता आणि शब्द निघत नव्हता. बाजूला रफिक डोक्याला रुमाल बांधून उभा होता, त्याने पायाकडे बघितलं. मग पलीकडून प्रकाश बोलला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

ज्या शब्दांसाठी घर सोडलं तेच शब्द त्याने बापाला उचलून दिले. मला वाटलं, आता तरी. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. काकू गेल्यापासून, किंबहुना त्याच्या कितीतरी आधीपासून, पहिल्यांदा पाहिलं. आणि म्हणाले, "अर्धं एकाने आणि अर्धं दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही." आणि पहिल्यापासून पुन्हा, एकट्याने, पूर्ण म्हटलं.

त्या दिवशी मला त्या माणसाची किळस आली. मी मूठमाती टाकली आणि त्यांच्याशी न बोलता घरी आले.

पुढचे महिने भिंतीपलीकडून सरांचा आवाज येई. दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर, जिना झाडणाऱ्या बाईवर. ग्रुपवर पाखंडांचा पाऊस पडत होता. रफिक एकदा जिन्यात कान देऊन उभा राहिला. मला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. "सुना, बाजी? आवाज आ रही है. एक फेज गया है, फिर भी चल रहे हैं." मी म्हटलं, जळू देत. मला खरंच तसं वाटत होतं.

मग एके सकाळी मी शाळेला निघाले. मी शिकवते ती शाळा ठाण्याच्या रस्त्यालाच, त्यामुळे मीही शेअर रिक्षानेच जाते. स्टँडवर रिक्षावाला ओरडत होता, "कशेळी, ठाणा, एक सीट." मागे दोघं बसलेले. आतल्या कडेला एक कामगार, आणि त्याच्या शेजारी सर. पांढरा शर्ट, इस्त्री नसलेला, आणि मांडीवर स्टीलचा डबा.

रिक्षावाला मला बघून म्हणाला, "मॅडम, जरा इस बाबा को बोलो. दो-तीन दिन से आता है, बैठता है, और सीट भरते ही उतर जाता है. मेरी सवारी खोटी होती है."

सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि मला बघून ते उतरण्यासाठी पुढे सरकले. मला त्यांची दया आली नाही, उगाच खोटं का बोलू. मला शाळेला उशीर होत होता. मी कडेच्या जागेवर बसले आणि ते मध्ये अडकले. आता उतरायचं तर त्यांना मला उठवावं लागणार होतं, आणि माझं तोंड बघून त्यांनी ते केलं नाही. मी म्हटलं, "चलो."

रिक्षा पूर्ण्यापर्यंत आली. तिथे नेहमीसारखे कंटेनर आडवे. रिक्षा बंद करून रिक्षावाला खाली उतरला. डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'सीमा प्रकाश'. काकूंनी शेवटच्या खेपेला आणलेला असणार.

"त्यांचा डबा राहिलाय," सर समोर बघत म्हणाले. "परत करायचा आहे."

मी झाकणावरचं नाव पुन्हा वाचलं.

"रिकामा परत करायचा नसतो, असं ती म्हणायची."

"मग काय भरलंत?"

"साखर. मला दुसरं काही येत नाही."

कशेळीला इमारतीसमोर रिक्षा थांबली. त्यांना उतरता यावं म्हणून मला आधी उतरावं लागलं. ते उतरले, डबा दोन्ही हातांत धरून उभे राहिले, उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी धरतात तसा. मग म्हणाले, "मजला कितवा?"

इतकी वर्षं मुलगा इथे राहतो आणि बापाला मजला ठाऊक नाही. मी चिडून म्हटलं, "चौथा. लिफ्ट नाही. काकू चढून जायच्या."

ते दोन पावलं गेले आणि परत आले. "बाई, ती वर जाऊन काय सांगायची?"

"बाबांनी पाठवलंय, असं सांगायच्या."

ते विचारात पडले. फळ्यावरचं उत्तर तपासताना पडत तसे. "ते खोटं होतं," म्हणाले.

"हो. खोटंच होतं."

"आज खरं आहे," सर म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मी बसले. पुढचं मला सीमाकडून कळलं. प्रकाश ड्युटीवर होता. "डबा दिला आन् भाईरच ऱ्हायले," ती म्हणाली. "आत या म्हनलं तर न्हाय म्हनले. तो येईस्तोवर जिन्यातच बसून ऱ्हायले. मी चा दिला, प्याले. साखर जास्त हाय म्हनले." मग प्रकाश आला आणि तोही तिथेच पायरीवर बसला. बोलले काहीच नाहीत. निघताना सीमाने डबा भरून दिला तो सरांनी घेतला. त्यानंतर दर रविवारी ते उपासनेहून तसेच स्टँडवर जायचे. काही महिनेच मिळाले. प्रकाश खाडीकडच्याच मंडळीत राहिला आणि सर त्याच्या बाप्तिस्म्याला शेवटपर्यंत आंघोळच म्हणत राहिले.

स्मरणिकेतला तो जिन्यातला फोटो प्रकाशने काढलेला आहे. त्यात सर इतके नाराज का दिसतात ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुधा पोराने मोबाइल तिरका धरला असेल, आणि सर त्याला तेच सांगत असतील.